समृद्धीने दाखवलेली दुसरी रेघ

दिवे मंद होतात. समोर पांढरा पडदा, डावीकडे टेबल, त्यामागे तीन परीक्षक आणि झाकण ठेवलेले पाण्याचे पेले. उजवीकडून समृद्धी प्रवेश करते. निळी साडी, हातात कागद नाही. चाल अगदी मी शिकवलेली.

हे नाट्यगृह नव्हे, पनवेलमधल्या एका कॉलेजचं सभागृह. साल २०१५. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी तिचे वडील दादू, उरणच्या खाडीवरचे कोळी, कडक इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेले. आज परीक्षकांचं समाधान झालं, की तिला पीएच.डी.चा प्रबंध लिहायची परवानगी मिळणार होती.

ही मुलगी चार वर्षं माझ्या, एका जुन्या नटीच्या, घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिली. पहिल्या वर्षी तिला पुन्हा वर्गात बसावं लागलं: जीवरसायन, औषधशास्त्र, संख्याशास्त्र, वर परीक्षा. "मावशी, या वयात घोकंपट्टी!" म्हणून कपाळ बडवायची. मी म्हणे, "मी साठीत नवी भूमिका पाठ केली, तू कसली रडतेस?"

मग काम सुरू झालं. तिच्या गावात दम लागला की खाडीकाठच्या एका झुडपाच्या पानांचा काढा देतात. त्यात खरंच औषध आहे का, हे तिला शोधायचं होतं. सकाळी ती महमूदभाईंच्या मटणाच्या दुकानात जाई आणि बोकडाची श्वासनळी थंड थर्मासात घालून नेई. महमूदभाई हसत, "बेटी, लोक कलेजीसाठी भांडतात, तू नळीवर खूश!" नळीच्या बारीक कड्या कापून ती त्या कोमट, मिठाच्या पाण्यात दोऱ्याने टांगायची. औषधाने आधी कडी आवळायची, मग वर पानांचा अर्क टाकायचा. कडी सैल पडली की संगणकावरची रेघ खाली उतरे. शेजारच्या कडीला अर्काऐवजी साधं पाणी, तुलनेसाठी. त्या कडीची रेघ जागची हलत नसे.

पहिल्यांदा रेघ भरभर उतरली त्या दिवशी तिने गल्लीभर पेढे वाटले.

या सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दादू बोंबील घेऊन माझ्याकडे आले. आम्ही जेवायला बसलो होतो. दादू खुशीत होते.

"बाय, पोरीनं नाव काढलं. आता आमचे आयनं दम्याचा पंप टाकून दिला. म्हनते, नातीनं शिद्ध केलंय, पंप कशाला? अख्खा गाव आता काढाच पितो."

समृद्धीचा घास हातातच राहिला. "बाबा, कवापासून?"

"दिवाळीपासून."

ती उठली. हात धुतला न धुतला, चपला घालून कॉलेजकडे निघून गेली. मला वाटलं, घाबरली उद्याला. संध्याकाळी परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मावशी, आज तालीम नको."

आणि आता ती रंगमंचावर होती. सुरुवात झकास. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत. टाळीच्या वाक्यापाशी आली आणि थांबली. फार थांबली. ती वाक्य विसरली असं वाटून मी ओठांनी शब्द पुरवू लागले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पडद्यावर एक नवं चित्र आलं. दोन रेघा, दोन्ही सारख्याच उतरलेल्या.

"सुरुवातीला मी अर्क पाण्यात काढत होते, गावातल्या काढ्यासारखा," ती म्हणाली. "तेव्हा परिणाम अगदी थोडा होता. मग अर्क अल्कोहोलमध्ये काढू लागले. पण तुलनेच्या कडीला मी साधं पाणीच देत राहिले. काल तिला तेवढंच नुसतं अल्कोहोल दिलं. ही दुसरी रेघ त्याची. कडी सैल होते ती अल्कोहोलने, माझ्या पानांनी नाही."

आयुष्यभर मी नाटकं पाहिली, केली. नटाने उभ्या रंगमंचावर स्वतःच्याच नाटकाचा पडदा ओढलेला मी कधी पाहिला नव्हता.

तिच्या मार्गदर्शक पद्मजा मॅडम अर्धवट उठल्या. "समृद्धी, मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पुन्हा करून बघायला सांगितलं असतं, मॅडम. तसं करायचंच आहे. पण लोक आजच काढा पितायत."

एका परीक्षकाने चष्मा काढला. "मग आम्ही परवानगी कशाला द्यायची?"

"देऊ नका, सर."

परीक्षक आपसात कुजबुजले. परवानगी नाकारली, सगळे प्रयोग नव्याने करायला सांगितले. पद्मजा मॅडम खाली मान घालून बसून राहिल्या. नंतर जाताना त्यांनी समृद्धीच्या दंडाला हात लावला.

बाहेर जिन्याशी दादू उभे होते. इंग्रजी-मराठीतलं सारं त्यांना समजलं नव्हतं, पण पोरीचं काही फिसकटलं हे कळलं होतं. रागाने की भीतीने, त्यांचा आवाज चढला.

"म्हंजे आमचा काढा खोटा? बापजाद्यांपासून पितो तो?"

माझ्या मनात आलं, आता ही रडणार. ती रडली नाही. तिने बापाच्या खिशातला मोबाईल काढून त्यांच्याच हातात दिला.

"खोटा हाय का खरा, ते अजून मलाच माईत नाय, बाबा. तुमी आदी आजीला फोन लावा आनि सांगा, आजच्या आज नवा पंप आन."