दुसऱ्यांच्या घड्याळांची खुंटी

काका कढई घासत होता आणि काकू त्याच्या डाव्या मनगटाकडे बघत उभी होती. मनगटावर घड्याळ होतं. ते विकलं असतं तर आमच्या मजल्यावरची सगळी घरं विकत आली असती.

"तेवढं काढून ठेवा ना," काकू म्हणाली. "घासणी लागली तर?"

"लागू दे. नेहमी करतो ते सगळं घालूनच करायचं. घड्याळजींनी तसंच सांगितलंय."

"नेहमी कढई कधी घासता तुम्ही?"

काका हसला आणि अजून जोरात घासायला लागला. हात हलायला पाहिजे होता ना.

त्याची नोकरीच तशी होती. महागड्या घड्याळांच्या दुरुस्तीचं एक दुकान होतं. पुढे काचेचं काउंटर, आत लांब टेबलं, टेबलांवर दिवे आणि दिव्यांखाली माना घालून बसलेले कारागीर. काका तिथे घड्याळजी व्हायलाच गेला होता. पण चिमट्यात बारीक स्क्रू धरला की त्याचे हात थरथरायचे. स्क्रू उडायचा आणि मग सगळे गुडघ्यावर बसून फरशी चाचपायचे. दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. मोठे घड्याळजी म्हणाले, "बसून नाही जमत तर चालून कर." तेव्हापासून काका घड्याळं घालायचा. दुरुस्त झालेलं घड्याळ आठवडाभर हातात वागवायचं, रोज दुकानातल्या घड्याळाशी लावून बघायचं, मागे पडतंय का, थांबतंय का ते सांगायचं. ही असली घड्याळं हात हलला तरच चालतात. आत एक वजन असतं, हाताबरोबर ते झुलतं आणि त्यातून आपोआप चावी भरते. त्यांना फिरवत ठेवायची यंत्रं मिळतात, पण घड्याळजींना ती पटत नव्हती. म्हणायचे, "यंत्र एका तालात फिरतं. माणूस डास मारतो, पिशव्या उचलतो, बायकोशी भांडतो. तसं फिरलं तर खरं."

दुकानातली पोरं त्याला खुंटी म्हणायची. ज्याला काम नाही त्याने दुसऱ्याची वस्तू अंगावर टांगून फिरायचं. ते नाव कसं कोण जाणे, काकूच्या शिवणखान्यात पोचलं. काकू तिथे शर्टांना काजं करायची. सकाळी मशीनवर बसली की शेजारची विचारायची, "काय गं, आज खुंटीवर काय टांगलंय?" काकू हसून घ्यायची. आतून मात्र तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिने काकाच्या सगळ्या शर्टांची डावी बाही मनगटाशी सैल करून दिली होती, जाड घड्याळ आत जावं म्हणून. काळजी होतीच, पण खरं कारण झाकणं हे होतं. कारण बसमध्ये लोक आधी घड्याळ बघायचे, मग काकाच्या चपला बघायचे आणि मग खिसे सावरायचे. काकू गुपचूप त्याची बाही खाली ओढायची.

कढई घासताना हातात होतं ते घड्याळ तर झाकूनही झाकत नव्हतं. एका शर्यतीच्या गाडीवरून बनवलेलं. तबकडी नाहीच. गाडीचं बॉनेट उघडून ठेवावं तसं आतलं सगळं उघडं. कडेचे स्क्रू चाकाच्या नटांसारखे, पट्ट्यावर टायरच्या खाचा, आणि खाली पेट्रोलच्या काट्यासारखा एक लाल काटा. चावी किती शिल्लक आहे ते तो दाखवायचा. काटा तळाला टेकला की घड्याळ बंद. चरा पडू नये म्हणून दुकानातून वर पातळ प्लास्टिक चिकटवून दिलं होतं, नव्या गाडीच्या सीटवर असतं तसं.

"एवढी धावायची गाडी," काकू म्हणायची, "आणि दाखवते काय, तर आपल्याला उशीर झालाय."

हे घड्याळ दुसऱ्यांदा आलं होतं. तक्रार एकच, हातात असताना बंद पडतं. घड्याळजींनी पहिल्यांदा ते पूर्ण खोललं, धुतलं, तेल दिलं. काकाच्या हातात आठवडाभर मस्त चाललं. मालकाकडे गेलं आणि परत बंद. दुसऱ्यांदा खोललं तेव्हा घड्याळजींचं डोकं फिरलेलं होतं.

"दोष माझ्या हातात नाही," ते काकाला म्हणाले. "मग तुझ्या हातात आहे. तू घालतोस का खरंच? हे परत आलं तर मी यंत्र आणतो आणि तू घरी बस."

म्हणून ती कढई. काका त्या आठवड्यात पिसाळल्यासारखा हात हलवत होता. झोपतानासुद्धा घड्याळ काढलं नाही. काकूच्या नाकाला दोनदा लागलं. लाल काटा कायम वरच्या टोकाला, हलेचना. घड्याळ एका सेकंदानेही इकडचं तिकडे झालं नाही.

आठवडा संपला त्या दिवशी काका घरी आला तो शीळ घालतच.

"बाईच आल्या होत्या न्यायला," तो जेवता जेवता म्हणाला. "मालकाची बायको. म्हटलं, बाई, घड्याळाला काहीसुद्धा झालेलं नाही. साहेबांना सांगा, डावा हात जरा हलवत जा. सगळं नोकरांच्याच हातून करून घेतलं तर त्या बिचाऱ्याने चालायचं कशावर?"

काकूला ठसका लागला. "असं म्हणालात? तोंडावर?"

"सगळं दुकान हसलं. घड्याळजीसुद्धा."

"आणि त्या?"

"त्या काय, घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि गेल्या. मोठ्या माणसांना हसायला फुरसत कुठे."

काकूने ते दुसऱ्या दिवशी शिवणखान्यात सांगितलं, बाईंची पर्स बंद करायची नक्कल करून. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या काकाच्या बाजूने हसल्या. शेजारची म्हणाली, "खुंटीला तोंड आहे की गं." काकूने ते घरी येऊन काकाला सांगितलं, आणि दोघं पुन्हा हसली.

घड्याळ तिसऱ्यांदा परत आलं.

त्या दिवशी काका दुपारीच घरी आला. मनगट उघडं होतं. इतकी वर्षं घड्याळाखाली राहिलेला गोरा पट्टा चपलेच्या खुणेसारखा दिसत होता. काकू तापाने घरीच होती.

"सुटली नोकरी," तो म्हणाला.

"का?"

"घड्याळ घातलंच नव्हतं असं सांगितलं मी त्यांना. कपाटात ठेवायचो म्हटलं."

काकूला वाटलं, तापात आपल्यालाच काहीतरी भलतं ऐकू येतंय. "माझ्यासमोर कढई घासलीत. माझं नाक फोडलंत. आणि घातलं नाही?"

काका मोरीत गेला आणि तोंड धुवत राहिला.

काकू खोटं बोलत नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. तिला ते जमतच नाही. जाडी झालीस का विचारलं तर हो म्हणते. असली बाई गप्प बसेल होय? सकाळी ताप उतरायच्या आत ती उठली, साडी बदलली आणि काका शेवटचा हिशेब करायला गेला होता त्या दुकानात जाऊन उभी राहिली. पहिल्यांदाच. आतल्या दिव्यांखालच्या सगळ्या माना वर झाल्या.

"मी यांची बायको," ती घड्याळजींना म्हणाली. "ते खोटं बोलतायत. घड्याळ आठवडाभर त्यांच्या हातातच होतं. आंघोळीला गेले तरी. मी बघितलंय."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्टूल पुढे केलं. काकू बसली नाही.

"ताई, मी काही आरोप केला नाही. मी कंपनीला कळवणार होतो, आमच्याकडून दोष निघत नाही, आतलं सगळं बदला आणि काय सापडलं ते मालकांना लेखी कळवा. तर हाच पुढे आला. म्हणाला, कळवू नका, घड्याळ चांगलं आहे, मीच घालत नव्हतो. लोक बघतात, लाज वाटते, म्हणून कपाटात ठेवायचो."

"लाज वाटायची, ते खरं," काकू म्हणाली. "पण घालायचे. या त्यांच्या बाह्या बघा, मी सैल केल्यात. उगाच केल्यात का?"

आतून कुणीतरी म्हणालं, "खुंटीला साक्षीदार मिळाला." हसू आलं, दाबलं गेलं.

काका काउंटरच्या टोकाला दुकानाची किल्ली हातात घेऊन उभा होता. घड्याळजी त्याच्याकडे वळले.

"काय रे? दोघांतलं खोटं कोण बोलतंय? तू घातलंस म्हण, मी आत्ता तुला ठेवून घेतो. माझ्यासमोर म्हण."

काकूने त्याच्याकडे बघितलं. एक शब्द. बास. एवढाच तर मागत होती.

काका फरशीकडे बघत म्हणाला, "ती बोलतेय खोटं. मला वाचवायला."

दुकानातून बाहेर कशी आले ते आठवत नाही, असं काकू म्हणते. एवढंच आठवतं की दारात चप्पल पायात जाईना आणि मागे कुणी हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे गप्प होते, आणि घड्याळजी म्हणाले, "सांभाळून जा, ताई." चोराच्या बायकोला म्हणतात तसं.

त्यानंतर ती काकाशी बोलेना. ताट आदळून द्यायची असंही नाही, हळूच ठेवायची, ते जास्त वाईट होतं. तिने सगळ्या शर्टांच्या डाव्या बाह्या उसवल्या आणि पूर्वीसारख्या घट्ट शिवून टाकल्या. शिवणखान्यात बातमी तिच्याआधी पोचली होती. "कपाटात ठेवायचे म्हणे. मग तू काय झाकत होतीस गं बाहीखाली?" एवढं कुणीतरी म्हणालं आणि काकूने ती जागा सोडली. लांबच्या कारखान्यात गेली. तिथे तिने नवरा काय करतो विचारल्यावर "पार्किंगमध्ये आहे" एवढंच सांगितलं. ते खरंही होतं. काका एका मोठ्या दुकानाखालच्या तळघरात गाड्यांना जागा दाखवायला लागला होता. दिवसभर हात हलवायचा.

एकदाच तिने विचारलं. भाजी निवडत होती, त्याच्याकडे न बघता.

"मला खोटं पाडलंत. का?"

"माझी जीभ," काका म्हणाला. "जिभेला हाड नव्हतं."

"हे काय उत्तर झालं?"

"एवढंच आहे."

काकूला वाटलं, तो दुकानातल्या त्या वाक्याबद्दल बोलतोय, आणि तिला अजूनच राग आला. आमच्या घरात सगळ्यांना तसंच वाटलं. कुणी काकाला बोललं की मी अंगावर जायचो, पण मनातून मलासुद्धा त्याची लाज वाटत होती.

मग मी गॅरेजात कामाला लागलो. तिथे एकदा एक गाडी आली, जमिनीला पोट लावलेली, बुटासारखी. स्टीअरिंगला एक गोल मूठ बसवून हवी होती, एका हाताने वळवता यावं म्हणून. मालक उजव्या हाताने दार ढकलून उतरले. डावा हात त्यांनी उजव्या हातानेच उचलून पोटाशी नीट ठेवला. त्या मनगटावर टायरच्या खाचांचा पट्टा होता. लाल काटा तळाला टेकलेला.

साहेब आत बसायला गेले. बाई गाडीपाशी थांबल्या. मी म्हटलं, "बाई, साहेबांचं घड्याळ बंद आहे."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताने डाव्यावरच बांधता येतं. दुसऱ्या कुणाला बांधू देत नाहीत. आजारात तो हात गेला, पण ते मानायला तयार नाहीत. म्हणतात, घड्याळातच बिघाड आहे. तीन वेळा दुरुस्तीला न्यायला लावलं."

मी पाना पुसत राहिलो.

"तिथे काउंटरवर एक माणूस होता. साहेबांना हात हलवायला सांगा म्हणून थट्टा केली त्याने. तिसऱ्यांदा गेले तर पुन्हा तेच सुरू केलं, मग माझ्याने राहवेना. सांगून टाकलं. पांढराफटक पडला. हात जोडून म्हणाला, बाई, मी काय करू ते सांगा. मी म्हटलं, काही करू नका, फक्त दुकानात कुणाला कळू देऊ नका. घड्याळ चांगलंय, हातच हलत नाही, असं कुठे कागदावर आलं तर साहेब वाचतील."

त्यांनी काचेवरची धूळ बोटाने पुसली.

"चांगला होता बिचारा. नसेल सांगितलं त्याने. घड्याळ परत आणायला गेले तेव्हा दिसला नाही. रजेवर असेल."