वाद्याला पाय

अगं, जवळ ये, बस अशी. दारातूनच पळतेस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र रोज फुलं पाठवतेस! ऐक जरा.

इथे आखातात, बौशरला आमच्या नातीला पियानो शिकवायला एक गोवेकर मास्तर आले. नाव विचारायचं राहूनच गेलं. वाजवण्याआधी ओले हात झटकावे तशी बोटं झटकायचे. नुकताच दसरा झालेला, पियानोवर मी घातलेला हार तसाच होता. आणि मास्तरांनी बुटासकट पाय खालच्या पेडलवर ठेवला!

"मास्तर, वाद्याला पाय? मग शिकवणी खलास!"

नात रडवेली झाली. शाळेच्या कार्यक्रमात तिला वाजवायचं होतं ना.

मास्तरांनी पाय मागे घेऊन वाजवलं. पोळपाटावर लाटणं आपटावं तसे सूर, टक की गेले. मग बूट-मोजे काढले, पेडलला हात लावून कपाळाला लावला आणि तेच पुन्हा वाजवलं. काय सांगू, मागे तंबोरा धरल्यासारखी खोली भरली!

"आजी, दोनशे वर्षांपूर्वी एका आयरिश माणसानं अशी रात्रीची गाणी रचली, तिथून पियानो गायला लागला. डावा हात झुलवतो, उजवा गातो. पण सुराला मरू देत नाही तो पाय."

"बरं, पण अनवाणी हं," मी म्हटलं.

नात कार्यक्रमातही अनवाणीच बसली. बाई बिचाऱ्या पडद्यामागे तिचे बूट शोधत होत्या!

परवा मीही पेडल दाबून पाहिलं. तू तुझ्या घरून, हमरियाहून पुन्हा लवकर ये, तुलाही दाबायला देते. आधी पाय मात्र धुवायचे.