हळदीखालची कातडी

माझी मावशी घरी आल्याचे मला आधी वासाने कळे. संध्याकाळी ती दाराशी चप्पल काढायच्या आतच तो वास खोलीत शिरलेला असे: कडवट, मातकट, उन्हात तापलेल्या मुळांचा. तिची नखे पिवळी होती, तळव्यांच्या रेषा त्याहून गडद, आणि कोपरापर्यंतचे हात पाहून वाटे की हिला कुणी लग्नाच्या मांडवातून मध्येच उठवून आणले आहे. सांगलीच्या पेठेत एका व्यापाऱ्याच्या वखारीत ती हळकुंडे निवडायची. बायका रांगेने बसत. जाड माल एकीकडे, बारीक दुसरीकडे, किडका मागे. पिवळी धूळ त्यांच्या पापण्यांवर साचे आणि त्या ती पदराने टिपत. पदरही पिवळाच असे.

मी मूळची साताऱ्याची. वडील फौजेतून निवृत्त होऊन तिथल्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले होते. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मला कवितेशिवाय दुसरे काही सुचत नव्हते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मला सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात विज्ञान शाखेत घातले आणि पेठेजवळ मावशीकडे राहायला ठेवले. मावशीला मूल नव्हते. काका त्याच पेठेत हमाली करत. मला पोटच्या लेकीसारखे वाढवायचे, असे त्या दोघांनी मला न विचारता ठरवून टाकले होते.

कॉलेजात आम्हांला त्वचा शिकवत होते. प्राध्यापकांनी फळ्यावर रंगीत खडूंनी सुंदर आकृती काढली: वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा, वेटोळी घातलेल्या घामाच्या ग्रंथी, केसांची तिरपी मुळे, फांद्यांसारखे पसरलेले मज्जातंतू. त्वचा शरीराचे रक्षण करते, उष्णता राखते, स्पर्श जाणते, असे ते सांगत गेले आणि आम्ही लिहीत गेलो. त्या भाषेला लय होती, हे मी नाकारत नाही. पण फळ्यावरच्या त्या त्वचेला कुणाचाच हात नव्हता. ती कुठे राबत नव्हती. तिच्यावर चिखल नव्हता, उसाच्या पात्याचा ओरखडा नव्हता, हळद नव्हती. शरीरशास्त्रातला माणूस कामाला जात नाही, एवढे मला त्या वर्षी कळले आणि त्याचा मला अजून संताप येतो.

उन्हाळा चढला तशी मावशी खाजवू लागली. आधी तळवे, मग पोटऱ्या, मग सगळे अंग. दुपारच्या शांततेत तिच्या नखांचा तो कोरडा, सततचा आवाज मला ऐकू येई. भाकरीचा वास तिला नकोसा झाला. एकदा, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "लघवीला अगदी मोहरीच्या तेलागत होतंय बघ."

"मावशी, ही कावीळ असेल," मी म्हणाले.

"हळदीतल्या बाईला कसली आलीय कावीळ? ती तर जन्माचीच हाय."

वखारीतल्या बायकांनीही हसण्यावारी नेले. मी तिचा डबा घेऊन गेले तेव्हा त्यांचे चालले होते.

"काय गं नवरीबाई, तोंडालाबी लावलीस काय हळद?"

"दाल्ल्याला दुसऱ्यांदा बोहल्यावर चढवती जणू!"

मावशीही हसत होती. हसता हसता तिने भिंतीला पाठ टेकवली आणि डोळे मिटले. हे माझ्याशिवाय फक्त मुकादमाने पाहिले. हंगाम भरात होता आणि माल गाड्यांनी येत होता. एक बाई कावीळ म्हणून घरी बसली असती तर तिच्या शेजारणीही घाबरून उठल्या असत्या. म्हणून त्याने कावीळ उतरवणाऱ्या एका म्हातारीला वखारीतच बोलावले.

त्या बाजूची रीत अशी: रोग्याच्या हातांना चुन्याचे पाणी चोळायचे, पुटपुटत हात परातीत धुवायचे, आणि पाणी पिवळे झाले की कावीळ बाहेर पडली असे समजायचे. म्हातारीने मावशीचे हात हातांत घेतले आणि चुना चोळला. बायका गोल करून उभ्या राहिल्या. परातीतले पाणी पिवळे झाले नाही. ते हळूहळू तांबडे होत गेले, पळसाच्या फुलांसारखे, आणि मावशीच्या बोटांमधून तांबडे ओघळ मनगटाकडे उतरले.

"अगं बाई, हे तर कुंकू झालं!" कुणीतरी ओरडले.

"कावीळ न्हाई," म्हातारीने निकाल दिला. "आसती तर पानी पिवळं आलं आसतं."

मी पुढे झाले. "आजी, हळदीत चुना पडला की लाल होणारच. कुंकू असंच तर करतात."

"मग आमी काय निराळं सांगतोय? हळदच हाय ही नुसती."

"हातावर हळद आहे, पण तिच्या आत काय आहे ते या पाण्यात कसं दिसेल?"

"लय शिकलीय पोरगी," मुकादम म्हणाला. बायका हसल्या आणि तो टाळ्या वाजवत म्हणाला, "चला, झालं समाधान? बसा कामाला." मावशी बसली. तिचे ते तांबडे, ओले हात पुन्हा हळकुंडांच्या ढिगात गेले.

त्याच संध्याकाळी मी हट्टाने तिला पेठेतल्या डॉक्टरांकडे नेले. दवाखान्याच्या बाकावर माणसे दाटीने बसली होती. डॉक्टर टेबलामागे होते. त्यांनी मावशीचे मनगट दोन बोटांत धरले, तिचे तळवे पाहिले आणि विचारले, "हळदीत कामाला?"

"व्हय जी."

"मग हा रंग तिथलाच. खाज धुळीची आहे, मलम देतो."

"डॉक्टर, तिला जेवण जात नाही. लघवी गडद होते," मी म्हणाले.

"तू काय शिकतेस?"

"सायन्सला आहे."

"मग अजून थोडं शिक," ते म्हणाले, आणि बाकावरची माणसे हसली. ते हसू मी विसरलेले नाही. त्यांच्या टेबलावर दिवा होता. तो थोडा तिच्या चेहऱ्याकडे वळवला असता तर पुरे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी अंगणात तोंड धुवायला वाकली आणि तिथेच बसून राहिली. मी तिची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला आणि अंगठ्याने खालची पापणी ओढली. बुबुळाभोवती पांढरे असे काही उरलेच नव्हते. तिथे एक स्वच्छ, ओलसर पिवळेपणा पसरला होता, पिकल्या लिंबाच्या सालीसारखा. हळदीची धूळ पापणीवर बसते. डोळ्याला असा रंग चढवणे तिला जमत नाही. तो रंग रक्तातून आला होता. यकृताने गाळून टाकायचे ते गाळले नव्हते आणि रक्ताने ते सगळ्या अंगभर नेले होते. वरून वखारीची हळद, आतून पित्त, आणि मध्ये कागदाएवढी कातडी, जिच्याकडे बघून सगळ्यांनी निकाल दिले होते.

काकांनी तिला हातगाडीवर घातले आणि आम्ही सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सर्वांत आधी तिची पापणी ओढली. मग पोटाच्या उजव्या बाजूला हात दाबला. मावशी कळवळली.

"इतक्या दिवसांत कुणीच बघितलं नाही हिला?" त्यांनी विचारले.

काका माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "सगळ्यांनी बघितलं."

मावशी भ्रमात गेली. ती मला माझ्या आईच्या नावाने हाका मारी आणि अंथरुणावर बोटांनी काहीतरी निवडत राही. मोठे इकडे, बारीक तिकडे. काका दवाखान्याच्या पायरीवर बसून असत. ती वाचेल असे कुणी आम्हांला सांगत नव्हते. आणि तरी ती वाचली. ज्या सकाळी तिने मला ओळखून "केस विंचरले न्हाईस व्हय गं?" असे विचारले, त्या सकाळी मी वऱ्हांड्यात जाऊन रडले, आणि त्या रडण्यातही राग अधिक होता.

घरी आल्यावर बरेच दिवस ती पडून होती. त्वचेचा वरचा थर झडतो आणि खालून नवा येतो, हे मी पाठ केले होते. आता ते रोज माझ्यासमोर घडत होते. आधी मनगटे उजळली, मग तळवे, शेवटी नखांच्या मुळाशी पांढुरकी चंद्रकोर दिसू लागली. मावशीच्या हातांचा स्वतःचा रंग मी पहिल्यांदा पाहिला. तो गव्हाळ होता, माझ्या आईच्या हातांसारखा.

चालता येऊ लागल्यावर तिने हळदीची पुरचुंडी बांधली आणि म्हणाली, "चल, डॉक्टरांना देऊन येऊ. दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांकडं रिकाम्या हातानं जाऊ न्हाई."

"कोणत्या डॉक्टरांना?"

"पेठेतल्या. पैल्यांदा त्यांनाच तर दाखवलं."

"त्यांनी तुला मारलंच होतं, मावशी!"

"हळू बोल. नाडी धरली हुती त्यांनी. माझा हात आजवर कुनी धरलाय?"

मी गेले, कारण तिला एकटीने चालवत नव्हते. डॉक्टरांनी पुरचुंडी घेतली, तिच्या स्वच्छ तळव्यांकडे पाहिले आणि प्रसन्नपणे विचारले, "काम सोडलं वाटतं?"

"मरता मरता वाचली ती," मी म्हणाले. "काविळीनं."

"अरे! मग आधी कुणाला दाखवलं नाही का?"

"तुम्हांला दाखवलं होतं."

बाकावर कुणी हसले नाही. डॉक्टर उठले. टेबल ओलांडून आले, मावशीला खिडकीच्या उजेडात उभे केले आणि अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली. एक डोळा, मग दुसरा. बराच वेळ बघत राहिले.

"आता काही नाही," ते म्हणाले.

"लेकरू हाय जी, मनावर घेऊ नगा," मावशी हात जोडत म्हणाली.

रस्त्यात ती खुशीत होती. "बघितलं की गं त्यांनी. किती येळ बघितलं." ती वखारीच्या दाराशी थांबली, आत डोकावली आणि मुकादमाला ओरडून विचारू लागली की तिची रांगेतली जागा कुणाला दिली तर नाही ना. मी तिथे उभी राहिले नाही. तिला मागे ठेवून भरभर चालत सुटले आणि ती मागून हाका मारत असताना एकदाही वळून पाहिले नाही.