पाच गोलांनंतरची सावड

सुरगाण्याहून जीप निघाली तेव्हा आमचा अर्धा फुटबॉल संघ आत होता, अर्धा टपावर. ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, तुम्ही पुढं बसा. तुम्ही मॅनेजर." मी मॅनेजर नाही. मी आमच्या आदिवासी संघटनेची पत्रकं लिहिते: वनजमिनीची, रेशनची, दवाखान्यात डॉक्टर नसल्याची. पण फुटबॉलचा अर्जही मीच लिहिला होता, आणि आमच्याकडे अर्ज लिहिणाऱ्याला त्या कामाच्या मागे शेवटपर्यंत जावं लागतं.

काम असं. तालुक्यांच्या स्पर्धेत आमची पोरं पहिली आली. शहराच्या लीगचा विजेता वेगळा. या दोन विजेत्यांचा नाशिकला एकच सामना व्हायचा, त्याला सुपर कप म्हणायचं. तालुक्याच्या संघांना शहराच्या लीगमध्ये घ्या, अशी आमची मागणी होती. स्पर्धा भरवणारी कमिटी म्हणायची, तुमचा दर्जा नाही. मी तीच मागणी घेऊन पुन्हा पुन्हा जात राहिले, तेव्हा कमिटीवाले वैतागून म्हणाले, "सुपर कप जिंका, पुढच्या वर्षी लीगमध्ये जागा देऊ." आम्ही जिंकणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून दिलेला शब्द होता तो. मीही तो त्यांच्याकडून चारचौघांत वदवून घेतला होता.

बोरगाव मागे पडलं आणि वणीच्या अलीकडे टायर बसला. स्टेपनी निघाली तीही नरम. ड्रायव्हर हवा भरायला ट्रकमध्ये बसून गेला. पोरांनी बांधावरच्या झाडाच्या सावलीत नागलीच्या भाकरी आणि खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, चटणीची शिदोरी सोडली. आमचा कॅप्टन देवराम, अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. तो म्हणाला, "ताई, निम्मीच खा म्हणावं यांना. पोट जड झालं तर पळणार कोण?" कोणी ऐकलं नाही.

दिंडोरीपासून द्राक्षांचे मळे लागले. डाव्या बाजूनं खेळणारा काश्या टपावरून ओरडला, "एवढं पाणी यांना कोण देतं ओ ताई?" या विषयावर माझं एक पूर्ण पत्रक आहे. त्या दिवशी म्हटलं, राहू दे. आधी गोल.

मैदानाला पोरांनी आधी हात लावून पाहिलं. आमच्याकडे भात कापल्यावर खाचरात खेळतात. पायाखाली धसकटं, मध्ये बांध. इथे नुसतं सपाट, पांढऱ्या रेघा आणि जाळी लावलेले गोल. फाटकावर कापडी फलक होता. त्यावर शहराच्या संघाचं नाव ठळक, आणि आमच्या जागी नुसतं 'आदिवासी संघ'. सफारी घातलेले कमिटीचे एक पदाधिकारी घड्याळ दाखवत आले.

"उशीर केलात. आम्ही त्यांना पुढे चाल देणारच होतो."

"देऊन टाकायची होती," मी म्हटलं, "तुमचा त्रास वाचला असता. आणि आमच्या संघाला नाव आहे. डोंगरवाट. अर्जात पहिल्याच ओळीत आहे."

"बाई, तुम्ही भांडायला आलात की खेळायला?"

"खेळायला ते आलेत."

शिट्टी झाली. त्यापुढचं मी फुगवून सांगत नाही, फुगवायची गरजच नाही. पहिला गोल काश्यानं मारला तेव्हा शहराचे प्रेक्षक अजून शेंगदाणे घेत होते. दुसरा देवरामनं लांबून हाणला. पोरं आयुष्यभर चढावर पळालेली. सपाटी मिळाल्यावर ती थकेनात. मध्यंतराला तीन-शून्य. लाउडस्पीकरवरचा माणूस आपणहून 'डोंगरवाट' म्हणायला लागला. मी दोरीबाहेर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले. मोर्च्यात इतकी कधी ओरडले नव्हते, कारण मोर्च्यात समोरचं दार बंद असतं. इथे गोल उघडा होता आणि चेंडू आत जात होता.

पाच-शून्य झालं आणि देवरामनं हात वर करून खेळ थांबवला.

पंचांना वाटलं, दुखापत. देवराम म्हणाला, "सावड देतो."

"काय?"

"काश्या त्यांच्यात जाईल. आमचा खेळाडू त्यांना."

शहराचा कॅप्टन सलीम तरातरा आला. "मजाक उडवतो का रे? आम्ही भिकारी दिसतो तुला?"

देवराम खरंच गोंधळला. "भिकारी कशाला? मागं पडला ना तुम्ही. लय मागं."

प्रेक्षकांतून शिट्ट्या, शिव्या. सफारीवाले तर या संधीची वाटच पाहत असावेत. ते मैदानात शिरले. "हा अपमान आहे! सामना थांबवा, यांना बाद करा!"

लीगमधली जागा पाच गोलांनी जवळ आणली होती आणि ती एका शब्दापायी जात होती. चपला हातात घेऊन मी आत धावले. तोंडात घोषणा होत्या, 'हुकूमशाही'पासून 'मुर्दाबाद'पर्यंत सगळ्या तयार. पण सलीमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो रडवेला झाला होता. मग मी घोषणा गिळल्या आणि त्याच्याशी बोलले.

"भाऊ, आमच्याकडे एकाची लावणी मागं राहिली की बाकीचे आपली माणसं त्याच्या शेतात पाठवतात. याला सावड म्हणतात. पोरं खेळातही तेच करतात. सामना एकतर्फी झाला की पुढच्यानं मागच्याला गडी द्यायचा. चांगलाच द्यायचा, लंगडा नाही. न देणाऱ्याला गावात हसतात."

"म्हणजे हा मला शिवी नाही देत?"

"तो तुला त्याचा सगळ्यात चांगला पोरगा देतोय."

सलीमनं काश्याकडे पाहिलं. काश्या तोवर त्यांच्या बाजूला जाऊन उभाही राहिला होता.

"माझे मामू मालेगावला पॉवरलूमवर आहेत," सलीम म्हणाला. "बाजूवाल्याचा धागा तुटला तर आपला लूम सोडून जातात." मग पंचांकडे वळून म्हणाला, "सर, माझी तक्रार नाही. खेळ चालू करा."

सफारीवाले म्हणाले, "पण नियम..."

"अपमान झालाच असता तर त्यांचा झाला असता," पंच म्हणाले. "ते म्हणतात नाही झाला. तुम्ही रेघेबाहेर व्हा." देवरामला मात्र त्यांनी बजावलं, "सावड नियमात बसत नाही. तुझा गडी परत घे."

"मग आम्ही नुसतं मारतच राहायचं?"

"मार ना!" सलीम ओरडला. "आम्ही पण मारतो."

आणि त्यानं मारलाच. एक, पण असा की देवरामनं स्वतः टाळ्या वाजवल्या. आमचे आणखी तीन झाले. आठ-एक.

कप देताना सफारीवाले लीगचं नाव काढेनात. मी माईकपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, पुढच्या वर्षी शहराच्या लीगमध्ये डोंगरवाट खेळेल. माझे डोळे भरले. पत्रकात मी असलं लिहीत नाही, इथे लिहिते.

सलीम आला. "मॅच संपली, नियम पण संपले. आता दे तुझी सावड."

काश्या आणि आणखी चौघं तिकडे गेले, तिकडचे पाच इकडे आले, आणि परत खेळ सुरू झाला. कमिटीची माणसं जाळ्या सोडायला आली होती, ती गोलाच्या खांबाला टेकून बघत बसली. कोण किती गोलांनी जिंकलं ते मला सांगता येणार नाही. कोणी मोजतच नव्हतं.

परतताना वणीला उसाचा रस प्यायलो. बोरगावच्या फाट्यावर आमच्या गावाकडचे एक आजोबा उभे होते. त्यांनी विचारलं, काय झालं? पोरं टपावरून एकसुरात ओरडली, आठ-एक!

"एक?" आजोबा म्हणाले. "एक कसा काय बसला?"

हक्क मागायला आम्ही शिकलो आहोत. द्यायचं कसं ते आम्हाला आधीपासून येत होतं, पण आम्ही दिलेलं घ्यायला शहराच्या नियमात जागा नव्हती. ती पुढची मागणी, असं मी मनात म्हणत होते, तेवढ्यात मागून देवरामनं विचारलं, "ताई, लीगमध्ये आपण मागं पडलो तर आपल्याला कोण गडी देईल?"

"कोणी नाही."

"मग मागं पडायचंच नाय," देवराम म्हणाला, आणि टपावरच्या पोरांनी पाय आपटले.