भोंग्यातली फुंक

आमच्या गावच्या पोस्टातले शिक्के मारणारे गृहस्थ पाकिटांवर शिक्कासुद्धा बँडच्या ठेक्यात मारायचे. लोहाऱ्याच्या बँडमधला म्हातारा क्लॅरिनेटवाला म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण दुष्काळात लग्नंच थांबली आणि तो सहकारी साखर कारखान्यात भोंगा वाजवायच्या नोकरीला लागला. पुढं बँडनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. त्या दिवसापासून यांच्या लेखी बँड मेला.

"नवा चांगला वाजवतो की," मी एकदा म्हणालो.

"वाजवतो व्हय, पर त्यो बँड न्हाय."

तेवढ्यात कारखान्याचा चारचा भोंगा झाला. यांचा शिक्का हवेतच थांबला, डोळे मिटले. "ऐका गुरुजी. खरा बँड आता तितं हाय. फुंक कुठं लपती व्हय?"

भोंगा वाफेवर वाजतो, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

मुलाच्या लग्नात घरचे अडून बसले, म्हणून यांनी नाइलाजानं तोच बँड लावला. पण वरात मुद्दाम वाकड्या वाटेनं कारखान्याच्या फाटकाशी नेली आणि चारच्या ठोक्याला हात वर करून बँड थांबवला. भोंगा झाला. यांच्या मिटल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"वा रं गड्या! तुजा हात कोन धरनार!"

वरातीच्या शेवटी माझ्या शेजारी नव्या टोपीत तो म्हातारा क्लॅरिनेटवाला उभा होता. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "गुरुजी, आज मी रजेवर हाय. त्यास्नी सांगू नगा."