ह नसलेलं बोलणं

माझ्या वडिलांनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे गळ्याच्या कॅन्सरचं नाव काढलं की समोरचा पहिला प्रश्न तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचाच विचारतो, "खर्रा खात होते काय?" अकोल्याच्या घरी भेटायला येणारा जो तो हेच विचारायचा, आणि बाबांच्या तोंडावर विचारायचा, जसे काही घशाबरोबर त्यांचे कानही काढून टाकलेत. मी दोघातिघांना फाडकन उत्तर दिलं. आई मला आत ओढून म्हणाली, "जाऊ दे वं, इचारतेत त इचारू दे. तू काहून तोंड खराब करतं?"

बाबा हायस्कूलमध्ये मराठीचे मास्तर होते. मूळचे पातूरजवळच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. शिकायला पुण्याला गेले आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात "मी लिहून राहिलो" म्हणाले. सगळा वर्ग हसला. बस, त्या दिवसापासून बाबांनी जिभेवरची वऱ्हाडी अशी खरवडून काढली की परत आले तेव्हा त्यांच्या आईलाही ते पाहुण्यासारखे वाटले. मग अकोल्यात जन्मभर त्यांनी लोकांची भाषा सुधारली. शाळेतल्या पोरांची तर सोडाच, भाजीवालीची, ऑटोवाल्याची, आमच्या सोयऱ्याधायऱ्यांची. "आमी नव्हे, आम्ही. नाई नव्हे, नाही. हकार पोटातून आला पाहिजे." माझ्या लग्नात त्यांनी भटजींना थांबवून उच्चार दुरुस्त करायला लावला होता. मी बोहल्यावर उभी, सासरचे तोंडाकडे बघताहेत, आणि बाबा शांतपणे 'ह' कसा म्हणायचा ते दाखवत होते.

एक आई तेवढी त्यांना बधली नाही. "तुमची पुस्तकातली भाषा पुस्तकात ठेवा, मले फोडणी टाकू द्या," म्हणायची. त्यामुळे आमच्या घरात कायम दोन भाषा नांदल्या. भांडण एकाच विषयावर असलं तरी बाबा एका भाषेत बोलायचे आणि आई दुसरीत. मी दोन्ही शिकले, आणि दोघांचा तापटपणाही घेतला.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं. आता बाबा गळ्यावरच्या एका छिद्रातून श्वास घेतात. बोलण्यासाठी एक मशीन मिळालं, लहान टॉर्चएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि नुसतं तोंड हलवायचं. मशीन गुणगुणतं, त्याचे शब्द होतात. सगळे एकाच सुरात, चढ नाही, उतार नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी समजावलं की बाकी अक्षरं सरावाने जमतील, पण 'ह' फार अवघड. 'ह'ला तोंडातून श्वास सोडावा लागतो, आणि श्वास तर आता तोंडातून जातच नाही.

बाबांनी तरी जिद्द धरली. आरशासमोर बसून 'हरीण', 'हवा', 'आम्ही', 'तुम्ही' घोकायचे. बाहेर यायचं 'अरीण', 'अवा', 'आमी', 'तुमी'. मग एके दिवशी त्यांनी मशीन लावून बडनेऱ्याला आत्याला फोन केला. आत्याला वाटलं कंपनीचा रेकॉर्ड केलेला कॉल आहे. तिने कट केला. त्यांनी परत लावला, तर ती म्हणाली, "आमाले लोन पायजे नाई," आणि परत कट. आत्या नंतर हे कळल्यावर किती तरी रडली, पण व्हायचं ते झालं. बाबांनी मशीन डब्यात घातलं, डबा कपाटात वर टाकला आणि पोरं वापरतात तसली पाटी आणली.

आता तुम्ही म्हणाल, पाटी तर पाटी, काय बिघडलं? बिघडलं असं की आईचा एक डोळा काचबिंदूने गेलाय आणि दुसऱ्याने तिला अक्षरं दिसत नाहीत. घरात माणसं दोनच. एक लिहिणार, दुसरीला वाचता येणार नाही. बाबा तिला टाळी वाजवून बोलवायला लागले आणि बोटाने दाखवायला लागले, पाणी, पेपर, पंखा. आई मला फोनवर म्हणाली, "टाळ्या वाजवून बोलावतेत. मी काय सर्कशीतली होय?" हसत म्हणाली, पण मला तिचं हसणं ऐकवलं नाही. एवढी वर्षं भांडून भांडून संसार केलेली दोन माणसं एका घरात मुक्यासारखी राहत होती. दर शनिवारी मी अमरावतीहून अकोल्याला जायचे ते याच काळजीने, की हे असंच चालू राहिलं तर या दोघांचं बोलणं कायमचंच तुटणार. मी बाबांवर चिडायचे, डबा काढून पुढ्यात ठेवायचे. ते पाटीवर लिहायचे, "अशुद्ध बोलण्यापेक्षा मौन बरे."

माझी लेक अमरावतीत कॉलेजला आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून सिनेमांचे तुकडे घेतात आणि त्यांवर वऱ्हाडी संवाद चढवतात. गॅदरिंगसाठी त्यांनी एक जपानी सिनेमा धरला होता. मी कार्टून म्हटलं तर केवढी चिडली, "मम्मी, ॲनिमे म्हणतात त्याले." एका शनिवारी तिने तो अकोल्याच्या टीव्हीवर लावला आणि आजीला शेजारी बसवून वऱ्हाडीत सांगत सुटली. पुढल्या काळातलं गाव, माणसं आणि रोबोट एकत्र राहतात. एका घरी जुन्या मॉडेलचा रोबोट आहे, त्याने घरातल्या मुलीला लहानाचं मोठं केलंय. नव्या रोबोटांचे आवाज माणसासारखे गोड, याचा मात्र पत्र्याचा. मुलीच्या आईबापाला तो आता बदलायचाय, कारण पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही. आई मन लावून ऐकत होती. म्हणाली, "ह्या माणसायपक्षा ते मशीन बरं. पोरीले जेवली काय म्हणून इचारते तरी." बाबा पेपर तोंडापुढे धरून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं.

सिनेमा संपला आणि माझ्या लेकीने बाँब टाकला. "आबा, रोबोटाचा आवाज तुमी द्या ना. आमी ॲपनं करून पाह्यला, पार नकली वाटते."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुला काही लाजलज्जा? आजोबांची थट्टा करतेस? अकलेचा कांदा नुसता. ती म्हणाली, "थट्टा कुठी करून राहिली मी? आबा, तुमचं आधीचंबी यंत्रच होतं ना. स्वरयंत्र. नावातच आहे." मी हात उगारणार तेवढ्यात पाटीवर खडूचा आवाज आला. बाबांनी लिहिलं होतं, "संहिता दाखव."

पोरींनी संवाद असे बेतले होते की माणसं वऱ्हाडी बोलणार आणि रोबोट मात्र शुद्ध, छापील मराठी. का, तर आबा तसंच बोलायचे. बाबांनी लाल पेन घेऊन आधी शुद्धलेखन सुधारलं, सवय जाते थोडीच. मग कपाटातून डबा काढायला लावला. मशीन गळ्याला टेकवलं. रोबोटाचं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही जेवल्याशिवाय बाहेर जाऊ नका. हवा थंड आहे." बाबांचं झालं, "तुमी जेवल्याशिवाय बाएर जाऊ नका. अवा थंड आए." परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा 'हवा'पाशीच थांबले, मशीन बंद केलं आणि डब्याचं झाकण लावलं. लेकीचा चेहरा एवढा उतरला की मला तिच्यावर रागावताही येईना. मनात म्हटलं, झालं, आता हा डबा पुन्हा काही खाली येत नाही.

आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिला पाटी दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. ती तिथूनच म्हणाली, "असं कोन बोलते लेकराशी? जेवून जाय वं माय, बायेर गार वारं सुटलं, असं म्हणाव त्या मशीनले."

बाबांनी पाटी ओढली आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात आईचं वाक्य लिहून काढलं, शुद्धलेखन न सुधारता. एकेका अक्षरावर बोट ठेवून तपासलं आणि खाली लिहिलं, "यात ह नाही." मला समजायला जरा वेळ लागला. बाबांनी मशीन परत गळ्याला लावलं.

"जेवून जाय वं माय. बायेर गार वारं सुटलं."

स्वच्छ. एकही अक्षर न गळता. मशीनच्याच आवाजात, पण आमच्या गावाकडचा कुणी म्हातारा दारात उभा राहून बोलतोय असं वाटलं. आतून आई म्हणाली, "आँ, आता कसं."

त्या दुपारी बाबांनी रोबोटाचे सगळे संवाद नव्याने लिहिले. लाल पेनाने एकेक 'ह' शोधून बाहेर काढायचे. 'आहे'चं 'आये', 'राहिलो'चं 'रायलो', 'पाहिजे'चं 'पायजे', 'काहून'चं 'काऊन'. अडलं की पाटी बाजूला ठेवून मशीननेच आईला विचारायचे, "याले काय म्हणतेत?" आणि आई ऐटीत सांगायची. ज्या माणसाने जन्मभर तिचे शब्द सुधारले तो आता तिच्याकडून एकेक शब्द मागून घेत होता, आणि ती काही कमी भाव खात नव्हती. "आता आली का माही गरज," म्हणाली एकदा. मला तर दोघांचीही पापी घ्यावीशी वाटली, पण आमच्याकडे तशी रीत नाही, म्हणून मी चहा टाकला.

गॅदरिंगमध्ये तो तुकडा पोरांना भयंकर आवडला. हसली, पण रोबोट मुलीला निरोप देतो तिथे हॉल चिडीचूप होता. नंतर एका पोराने लेकीला विचारलं, आवाजाला कोणतं ॲप वापरलं? ती म्हणाली, "अकोल्याचं आहे." बाबांना हे मी फोनवर सांगितलं, तर पलीकडून मशीनचा एक अडखळता गुणगुणाट आला. ते हसत होते, हे मला आईने सांगितलं.

यानंतर सगळं झकास झालं असं मी म्हणणार नाही. बाबा अजून बाहेर फारसे बोलत नाहीत. दुकानदार दचकतात, लहान पोरं मागे लागतात. पण घरात त्यांची वऱ्हाडी चालू झाली. सुरुवातीला कामापुरती, चा टाक, पेपर दे, पंखा लाव. आई म्हणायची, टाळ्यांपेक्षा बरं.

मागच्या शनिवारी मी गेले तेव्हा आई आणि मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होतो. बाबा खुर्चीत बसले होते, मशीन मांडीवर. कुणी काही विषय काढला नव्हता. एकाएकी त्यांनी मशीन गळ्याला लावलं आणि आईकडे बघून म्हणाले, "आपरेशनच्या टायमाले मले लय भेव लागलं वतं."

मी शेंग तशीच धरून राहिले. बाबांना भीती वाटू शकते हे मी उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांच्या त्या सुंदर, घोटीव मराठीत त्यांनी आम्हाला कविता समजावल्या, व्याकरण शिकवलं, पण स्वतःबद्दल असं एक वाक्य कधी काढलं नाही.

आई खाली बघून शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत, पण आता टरफलं दाण्यांत पडायला लागली.

"शुद्धीवर आलो तं तू बाजूलेच वती," बाबा म्हणाले. "तुले सांगाचं वतं. आवाजच नाई."

त्यांचा अंगठा बटणावरून निघाला आणि गुणगुण बंद पडली. आईने पदराने डोळा पुसला, जो दिसतो तो. मग सूप बाजूला सरकवून ती त्यांच्या खुर्चीच्या पायाशी सरकली, ऐकायला जवळ पडावं म्हणून.

"मंग आता सांगा ना," ती म्हणाली. "मी कुठी जाऊन राहिली?"