डबल बेल दिल्याशिवाय

मागे वळून पाहण्यात आमच्या घरमालकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या आर्णीत सापडायचा नाही. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला; अजूनही घराबाहेर पडताना कोणी राहिलं का म्हणून मागे बघतात आणि काकू स्कूटरवर नीट बसल्या की तोंडानंच डबल बेल देऊन गाडी सोडतात. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. एकदा मी खोडलेला प्रोग्राम परत आणताना काकांनी पाहिलं आणि त्यांचा चहा हातातच निवला. “म्हंजे पुसलेलं वापस येते? मले शिकव ना भाऊ.”

त्यांची निकड वेगळीच होती. त्यांची आई, म्हणजे याडी, बंजारा तांड्यावर राहते. होळीची लेंगी गाणी तिच्या तोंडून ऐकून काका लॅपटॉपवर उतरवायचे. पुढच्या खेपेला ती वेगळंच गायची, मग काका जुनं पुसून नवं लिहायचे आणि पुसलेली ओळच खरी होती म्हणून हळहळत बसायचे.

मी व्हर्जन कंट्रोल शिकवायला घेतलं. बदल केला की कमिट करायचं, काय बदललं ते एका ओळीत लिहायचं, म्हणजे जुनंही शाबूत राहतं. “कमिट म्हंजे डबल बेल,” काकांनी ठरवून टाकलं, आणि दर कमिटला टिंगटिंग म्हणू लागले. एका ओळीत मात्र त्यांचं कधी भागलं नाही. ‘याडीनं आज तिसरी ओळ बदलली, भाजी अळणी होती म्हणून रागात होती, गळा मात्र साफ.’ शेजारच्या तांड्याचे चुलते तेच गाणं निराळं गातात, त्यांच्यासाठी स्वतंत्र ब्रँच काढली. दोन्ही मर्ज करून एक कशा करतात हे मी दाखवू लागलो, तर काकांनी लॅपटॉपच मिटला. “एक काहून करतं? दोन्ही गाड्या आपापल्या रूटनं जाऊ दे.”

हल्ली याडी विसरते. दर कमिटला गाणं थोडं आखूड होतं. शेवटचं कमिट तेच खरं धरतात, असं मी एकदा बोलून गेलो. काका जुनी कमिटं उघडून वाचत बसले.

यंदा होळीला काकांनी मलाही तांड्यावर नेलं होतं. याडी गाता गाता मध्येच थांबली. काकांनी जुनं कमिट उघडलं आणि पुढची ओळ स्वतः गायली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग छान आहे म्हणाली, आणि तुला हे कोणी शिकवलं, असं आपल्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, विचारलं. काका नुसते हसले.

मग त्यांनी कमिट लिहिलं, पहिल्यांदाच एका ओळीत: ‘याडीले गाणं आवडलं.’

“बेल?” मी विचारलं.

“थांबू दे जरा गाडी,” काका म्हणाले.